‘५डी९’, ‘५ई०’ आणि मग थेट ‘६’

खोक्यांच्या लेबलांची यादी समोर होती: ‘५डी८’, ‘५डी९’, ‘५ई०’ आणि त्याखाली नुसता ‘६’. पुढे ७, ८, ९ करत २३ पर्यंत. (कोडमधली अक्षरं इंग्रजी लहान लिपीतली आहेत, इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.) प्रोग्रामच्या नोंदींत (लॉगमध्ये) ना एरर, ना वॉर्निंग. कॉलम व्हारकार, म्हणजे मजकूर साठवणारा, त्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे एकच कोड दोनदा न घेणारा. ‘६’ आधी कुठेच नव्हता, त्यामुळे डेटाबेसने तो निमूटपणे घेतला.

कोडची रचना एक अंक, एक अक्षर, एक अंक अशी. मालिका ‘५ए०’ पासून सुरू झालेली. पुढचा कोड काढणारी ओळ पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतली आणि एकच: शेवटचा कोड वाचा, त्याला ++ (पुढचं मूल्य काढणारं चिन्ह) लावा. पीएचपीत हे चालतं. ही सोय पर्ल या दुसऱ्या भाषेकडून आली आहे: ‘ए९’ चा ‘बी०’ होतो, ‘झेड’ चा ‘एए’ होतो, हातचा डावीकडे सरकत जातो. आमच्या टेस्टमध्ये ‘५ए९’ चा ‘५बी०’ आणि ‘५झेड९’ चा ‘६ए०’ तपासलेला होता. दोन्ही बरोबर.

बिघडलं ते ४१ व्या कोडवर. ‘५डी९’ चा ‘५ई०’ झाला, इथवर ठीक. पण ++ आधी बघतं की ही स्ट्रिंग (म्हणजे अक्षर-अंकांचा मजकूर) संख्येसारखी दिसते का. दिसत असेल तर अक्षरांचा हिशेब बाजूला ठेवून सरळ संख्या वाढवतं. ‘५ई०’ ही वैज्ञानिक लेखनातली संख्या आहे: ५ गुणिले १० चा शून्यावा घात, म्हणजे ५. त्यात एक मिळवला की ६. तो छापला गेला ‘६’, तसाच साठवला गेला, आणि तिथून पुढे सगळे साधे आकडे.

मी तीच स्ट्रिंग दुसऱ्या भाषांत चालवून पाहिली. रुबीच्या सक् (succ, पुढचं मूल्य देणाऱ्या) मेथडने ‘५ई०’ नंतर ‘५ई१’ दिला, कारण ती स्ट्रिंगची मेथड आहे, संख्येचा विचारच करत नाही. पर्लमध्ये तर ‘५डी९’ लाच ++ लावलं की ६ येतो. तिथली जादू आधी अक्षरं आणि मग अंक अशाच क्रमाला लागू होते. पायथॉन स्ट्रिंगमध्ये १ मिळवायला साफ नकार देतो, आणि मला तोच वागायला सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

पीएचपी ८.३ मध्ये स्ट्र_इन्क्रिमेंट (str_increment) हे फंक्शन आलं. ते ‘५ई०’ चा ‘५ई१’ करतं आणि ‘००७’ चा ‘००८’. जुनं ++ ‘००७’ चा ८ करून शून्यं खातं. सर्व्हरवर ८.१ होतं, म्हणून तो रस्ता बंद. तो खुला असता तरी मी घेतला नसता. ‘९झेड९’ नंतर ‘१०ए०’ येतो, आणि कुणी शेवटचा कोड डेटाबेसचं मॅक्स (सगळ्यात मोठं मूल्य देणारं फंक्शन) लावून शोधला तर स्ट्रिंगच्या क्रमात ‘१०ए०’ हा ‘९झेड९’ च्या आधी बसतो. मॅक्स ‘९झेड९’ वरच अडकतो आणि दुसऱ्याच वेळी ‘१०ए०’ पुन्हा तयार होऊन ‘डुप्लिकेट की’ची एरर.

म्हणून मोजणी कोडमधून काढून पूर्णांकाच्या कॉलमवर नेली. कोड त्या संख्येवरून तयार होतो: २६० ने भागून येणारा पूर्ण भागाकार म्हणजे पहिला अंक, १० ने भागून येणाऱ्या पूर्ण भागाकाराची २६ ने उरलेली बाकी म्हणजे अक्षर (‘ए’ म्हणजे ०), १० ने उरलेली बाकी म्हणजे शेवटचा अंक. ‘५ए०’ म्हणजे १३००, ‘५ई०’ म्हणजे १३४०. २५९९ च्या पुढे गेलं की एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम चूक दाखवून थांबतो, गुपचूप चौथा वर्ण वाढणार नाही.

बिघडलेल्या १८ ओळींपैकी ‘६’ चा झाला ‘५ई१’ आणि ‘२३’ चा ‘५एफ८’. लेबलं मात्र खोक्यांवर चिकटलेली होती, म्हणून जुना आकडा वेगळ्या कॉलममध्ये ठेवला आणि स्कॅन केल्यावर दोन्हीकडे शोध घेतला.

तपासताना आणखी एक गोष्ट हाती लागली. कोड जुळतात का हे == ने बघितलं जात होतं, आणि पीएचपीला ‘५ई१’ आणि ‘५०’ समान वाटतात. तिथे === केलं, ते स्ट्रिंगचं संख्येत रूपांतर न करता तुलना करतं. यादी सीएसव्हीतून एक्सेलमध्ये उघडली तरी ‘५ई१’ ची संख्याच होते. नव्या मालिकेतून ‘ई’ हे अक्षरच वगळलं: २५ अक्षरं, २५०० कोड, २६० च्या जागी २५०.