तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला नागपूरला परत बोलवू का?

"मॅडम, नागपूर इतकं वाढून राहिलं म्हणते, तं पोराले पुण्याहून वापस बोलवू का?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या दवाखान्यात, माझ्याच तोंडात कापूस असताना. विचारणारे बहुतेक माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे आईवडील. बत्तीस वर्षं शिकवलं आणि २००१ व २०११ या दोन्ही जनगणनांत प्रगणक म्हणून फिरले, त्यामुळे लोकांना वाटतं, शहराचा हिशेब या बाईकडे असणार. मी फार तर तीनशे दारं वाजवली असतील. पण तुम्ही विचारलंत म्हणून, त्या दारांपासूनच सांगते.

२०११ च्या मोजणीत मला मनीषनगरकडचा गट मिळाला होता. रेल्वे फाटकापलीकडचा. तेव्हा तिथे उड्डाणपूल नव्हता. फाटक पडलं की स्कूटर बंद करून मालगाडीचे डबे मोजत उभं राहायचं. घरयादी आदल्या वर्षी मे महिन्यात झाली होती. नागपूरचा मे, तोंडाला दुपट्टा, पिशवीत कांदा, आणि दार उघडणारा प्रत्येक जण आधी "टीव्हीवाल्या का?" म्हणायचा. खरी शिरगणती मात्र ९ ते २८ फेब्रुवारीत, तेव्हा जीवाला जरा बरं होतं.

एका गल्लीत अकरा घरं होती. त्यातल्या पाच घरांत फक्त म्हातारा-म्हातारी. एका काकूंनी मला आत बसवलं, मृगाची संत्री सोलून समोर ठेवली, कुटुंबप्रमुख, पत्नी, अशी दोन नावं सांगितली आणि म्हणाल्या, "तिसरं लिहा, मुलगा."

"कुठे असतो?"

"पुण्याला. पण लिहा नं, खोली त्याचीच आहे."

उठून त्यांनी खोली दाखवलीसुद्धा. पलंगावर प्लास्टिकचं कव्हर, कोपऱ्यात बॅट, भिंतीवर अकरावीचं वेळापत्रक तसंच चिकटवलेलं. नियम असा होता की मोजणीच्या त्या वीस दिवसांत जो माणूस एकदाही घरी राहणार नाही, त्याला तिथे धरायचं नाही. तो जिथे आहे तिथे त्याची मोजणी होईल. मी काकूंना समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण मी दाराबाहेर पडेपर्यंत "तरी पाहा, जमत असंन तं" चालूच होतं.

त्याच गल्लीच्या टोकाला एक इमारत उभी राहत होती. चौकीदाराचं कुटुंब बालाघाटचं, टिनाच्या खोलीत पाच माणसं. मागे एकाच्या घरी वरच्या मजल्यावर सहा पोरं भाड्यानं: दोन तिरोड्याची, एक आमगावचा, तिघं गडचिरोलीकडची. स्थलांतराचं कारण? 'काम/नोकरी', 'शिक्षण', 'काम/नोकरी'. मी लिहीत गेले. गल्लीची बेरीज माझ्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. काकूंचा मुलगा गेला होता आणि त्याच्या जागी दोन-तीन जण आले होते. शहर वाढलं म्हणजे काय झालं, ते मला त्या दिवशी गल्लीपुरतं कळलं.

आता आकडे. महानगरपालिकेच्या हद्दीत १९९१ ला साधारण १६.२५ लाख लोक होते, २००१ ला २०.५२ लाख, २०११ ला २४.०६ लाख. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत सव्वीस टक्के वाढ आणि पुढच्या दहा वर्षांत सतरा. ज्या दशकात मिहानचं, म्हणजे विमानतळाजवळच्या त्या मोठ्या उद्योग-मालवाहतूक प्रकल्पाचं, नाव प्रत्येकाच्या तोंडी होतं, त्याच दशकात वाढीचा वेग उतरला. काही वाढ हद्दीबाहेर, वाडी, डिगडोह, बेसा, बेलतरोडीकडे सांडली, हे खरं. पण अख्खा जिल्हा घेतला तरी २००१ ते २०११ मध्ये तो १४.४ टक्क्यांनीच वाढला, आणि महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी. पुणे जिल्हा तीस टक्क्यांनी. हे मी एका हळदीकुंकवात सांगितलं तर एक बाई माझ्यावर जवळजवळ रागावल्या. जणू मीच कमी मोजले.

आजूबाजूला पाहिलं की चित्र उलटतं. त्याच दहा वर्षांत वर्धा जिल्हा पाच टक्के, भंडारा साडेपाच-सहा, चंद्रपूर साडेसहाच्या आत, गोंदिया दहा. पूर्व विदर्भाचा माणूस घरून निघतो तो आधी नागपूरला येतो, आणि नागपूरचा निघतो तो पुण्याला जातो. आपण मधलं स्टेशन आहोत. काही उतरतात, काही चढतात, फलाट भरलेला दिसतो.

२०११ नंतर मोजणीच झालेली नाही. २०२१ ची कोरोनात राहिली, आता २०२७ ला होणार आहे. त्यामुळे "नागपूर तीस लाखांच्या वर गेलं", "पस्तीस लाख झालं" असं कुणी छातीठोक सांगितलं, तर तो अंदाज आहे एवढं धरून चला.

आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड. 'जगातल्या सर्वांत वेगानं वाढणाऱ्या शहरांत नागपूर पाचवं.' माझ्याकडे तो वर्षातून चार वेळा येतो, दर वेळी नव्यानं शोध लागल्यासारखा. तो २०१८ च्या अखेरचा आहे, ऑक्सफर्ड इकॉनॉमिक्सचा. २०१९ ते २०३५ या काळात सुरत, आग्रा, बंगळुरू, हैदराबाद यांच्यामागे नागपूर, वर्षाला ८.४१ टक्के, असा तो अंदाज. पण अंदाज कशाचा? शहराच्या एकूण उत्पादनाचा, जीडीपीचा. माणसांचा नाही, नोकऱ्यांचा तर नाहीच. लहान आकडा लवकर दुप्पट होतो, हे मी सहावीला शेकडेवारीत शिकवायचे. दोन रुपयांचे तीन झाले तर पन्नास टक्के वाढ!

तरी माझ्या म्हणण्याचा अर्थ इथे काही झालंच नाही असा काढू नका. काय काय झालं ते डोळ्यांनी दिसतं. ८ मार्च २०१९ पासून मेट्रो धावते. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला, एम्सचं लोकार्पण झालं आणि समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत सुरू झाला. जून २०२५ ला तो ७०१ किलोमीटर पुरा झाला. जीएसटी आल्यावर देशाच्या मध्यावर गोदाम ठेवणं कंपन्यांना परवडू लागलं, म्हणून वर्धा रोडनं जाताना शेतांच्या जागी निळ्या पत्र्याच्या लांबच लांब शेड दिसतात. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून पेशंट येतात. एका पेशंटमागे नर्स, लॅबवाला, वॉर्डबॉय, मेडिकल स्टोअर, डबा देणारी बाई, असा एक छोटा कारखानाच चालतो. सकाळी सातला ठिय्यावर, म्हणजे मजूर कामासाठी उभे राहतात त्या चौकात, जाऊन पाहा, मिस्त्री मिळवायला घासाघीस करावी लागते. सिवनी-छिंदवाड्याहून आलेल्या माणसासाठी, तिरोड्याच्या नर्ससाठी, गोदामात स्कॅनर धरणाऱ्या पोरासाठी हे शहर खरोखर वाढलं आहे. त्यांना कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड पाठवायला लागला नाही, ते येऊन राहू लागलेत.

पण तुम्ही विचारता ते त्यांच्याबद्दल नाही. तुमचा पोरगा इंजिनीअर आहे, हिंजवडीत आहे, त्याचं विचारता.

आपल्या पिढीचा घोळ इथे आहे, माझाही होता. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी. ती गेली, पण राजधानीची सवय उरली. रेल्वेची दोन-दोन मंडळं, महालेखापालांचं एजी ऑफिस, रिझर्व्ह बँक, कोळशाची डब्ल्यूसीएल, अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, कोराडीचं वीज केंद्र. त्याआधी १८७७ पासून एम्प्रेस मिल. माझे सासरे मिलमध्ये लागले ते एकदाच लागले. त्यांना दुसरी नोकरी कशी शोधतात हे कधी कळायचं कामच पडलं नाही. (आज त्या मिलच्या जागी मॉल आहे. सासरे असते तर तिथल्या सरकत्या जिन्यावर नक्की चढले नसते.) म्हणून आपण अजून विचारतो, "नागपूरला नोकरी लागंन का?" लागेल. मिहानमध्ये टीसीएस आहे, एचसीएल आहे, इन्फोसिस आहे. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये पर्सिस्टंट आहे. पहिली नोकरी लागते.

माझ्या नणंदेचा मुलगा लॉकडाऊनमध्ये परत आला. घरी बसून पुण्याचं काम, आईच्या हातचं जेवण, नणंदबाई आनंदात. कंपनीनं ऑफिसला बोलवायला सुरुवात केली तेव्हा त्यानं पुणं सोडलं आणि इथेच एका कंपनीत लागला. पगार तिथल्यापेक्षा कमी, पण भाडं नाही, ट्रॅफिक नाही, हिशेब बरोबर बसत होता. दीड वर्षानं प्रोजेक्ट बंद पडलं. आता दुसरी नोकरी. त्याच्या पुण्याच्या मित्रानं अशाच वेळी एका आठवड्यात नऊ ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. आमच्या भाच्यानं वहीत नावं लिहिली, त्याच्या कामाशी जुळणाऱ्या कंपन्यांची. मी ती वही पाहिली. चार नावं होती आणि चौथ्यापुढे प्रश्नचिन्ह. दुपारी जेवायच्या आत त्याचे सगळे फोन करून झाले होते.

आणि सून? ती गाड्यांच्या सुट्या भागांचं डिझाइन करते. तिला इथे पहिलीच मिळाली नव्हती. दोन वर्षं तिनं ऑनलाइन शिकवण्या घेतल्या, तक्रार केली नाही, हे आम्हाला सगळ्यांना फार कौतुकाचं वाटत होतं. तिला नेमकं काय वाटत होतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ते दोघं गेल्या वर्षी परत गेले. आता पुण्याला वंदे भारत झाली आहे नागपूरच्याच अजनी स्टेशनहून, नणंदबाई डबा बांधून बारा तास बसून जातात.

म्हणून मी विचारणाऱ्यालाच उलट विचारते. त्याच्या कामाच्या किती कंपन्या इथे आहेत, त्यालाच मोजायला सांगा. दहाच्या वर गेल्या तर बोलवा. सुनेच्या वेगळ्या मोजा, दोन्ही एकात घालू नका. तो डॉक्टर असेल, गोदाम-वाहतुकीच्या धंद्यात असेल, स्वतःचं काही करणार असेल, तर आजच बोलवा, मी स्वतः स्टेशनवर येते. घरून काम करणारा असेल तर त्याची कंपनी उद्या काय म्हणेल ते त्यालाच माहीत. आणि तुमचे गुडघे दुखतात म्हणून बोलवायचं असेल तर तसं सरळ सांगा, नागपूरच्या विकासाच्या नावावर बोलवू नका. पोरांना कळतं ते.

एक कबुली द्यायला हवी. २००८ मध्ये मीही वाढीवर विश्वास ठेवला होता. पीएफमधून कर्ज काढून गुमगावच्या पुढे पंधराशे फुटांचा प्लॉट घेतला. एजंटानं नकाशावर बोट ठेवून दाखवलं, इथे मिहान, इथे बुटीबोरी, बरोब्बर मधात तुमचा प्लॉट. एनएटीपी आहे, म्हणजे बिनशेती आणि नगररचनेची मंजुरी, आरएल, म्हणजे प्लॉट मोकळा करणारं रिलीज लेटर, येऊन जाईल. सतरा वर्षं झाली, आरएलची फाइल अजून कुठल्याशा टेबलावर आहे. लेआउटची कमान पडली. दर पावसाळ्यात आम्ही दोघं जाऊन हद्दीचे दगड सापडतात का बघून येतो. कमरेइतका तरोटा माजलेला असतो. एकदा तर शेजारच्याच्या प्लॉटवर उभं राहून अर्धा तास आपलाच समजून फोटो काढले. भाव मात्र वाढला आहे म्हणे, आठपट. विकत कुणी घेतलेला मी पाहिला नाही. पुण्याला गेलेल्या पोरांचा पैसा इथे घराच्या रूपानं कमी आणि अशा सातबाराच्या रूपानं जास्त येतो. त्यामुळे शहर नकाशावर वाढतं, कुंपणं वाढतात, आत गाई चरतात. आता हिंगणा तालुक्यात गोधनी (रिठी) आणि लाडगावला 'नवीन नागपूर' होणार आहे, सुमारे सातशे हेक्टरवर. घोषणा झाल्याच्या आठवड्यात मला तीन एजंटांचे फोन आले.

मागच्या आठवड्यात आठवडी बाजारात एक जुन्या पालक भेटल्या. मुलगा बारा वर्षांपासून पुण्यात. नेहमीचाच प्रश्न. मी हे सगळं त्यांना उभ्या उभ्या सांगितलं: गल्ली, आकडे, भाच्याची वही. त्यांनी पूर्ण ऐकलं, मेथीच्या दोन जुड्या पिशवीत टाकल्या, माझ्या दंडाला धरून बाजूला नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या,

"पोराचं जाऊ द्या मॅडम. गुमगावले प्लॉट कसा राहीन?"