भाच्याचं .४५ आणि माझा एकच प्रश्न

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी सव्वासातला भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. मी गोठ्यात शेण भरत होतो, सुनेनं फोन आणून तोंडासमोर धरला. त्याच्याकडं शनिवारची रात्र. म्हणाला, "मामा, हात धुवून बसा निवांत. आणि आईला सांगू नका."

आई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत खानापूरच्या बाजारात भाजीवालीलाही कळणार, तेव्हा त्याची अट रास्त होती. भाचा अठरा वर्षं अमेरिकेत, ओहायो राज्यात, कोलंबसला. आता तिथलाच नागरिक. त्याला पिस्तूल घ्यायचं होतं. .४५ चं, म्हणजे .४५ इंच जाडीच्या गोळीचं, आणि स्वस्तातलं.

मला विचारायचं कारण म्हणजे मी मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढली, त्यातली शेवटची पाच कोतात. कोत म्हणजे हत्यारांची खोली. सकाळी मोजून द्यायची, संध्याकाळी मोजून घ्यायची, एक जरी कमी भरलं तर जेवण नाही कुणाला. पुढं चौदा वर्षं बेळगावात एका बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसलो. त्यामुळं घरात हत्याराचा विषय निघाला की "मामाला विचारा".

पठ्ठ्यानं आधीच तिघांची मतं गोळा केली होती. पहिला त्याचा शेजारी, रिटायर झालेला मेकॅनिक. त्याच्याकडं हाय-पॉइंट कंपनीचं .४५. हे त्यांच्याच राज्यात मॅन्सफील्ड गावी बनतं, कोलंबस आणि क्लीव्हलँडच्या मधोमध. दोनशे डॉलरच्या आसपास मिळतं, म्हणजे आपल्याकडची सतरा-अठरा हजारांची वस्तू. वर कंपनीची आयुष्यभराची हमी, मालक कितवा का असेना. शेजारी म्हणे, "दिसायला हातोडीच आहे, पण हातोडीला कोण पावडर लावतं का?"

भाच्यानं ते शेजाऱ्याकडून आणून कॅमेऱ्यासमोर धरलं. मी आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायचा खण, काढायला लावलं, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, दाखव म्हटलं, मगच बघितलं. वरची स्लाइड, म्हणजे गोळी सुटली की मागं सरकणारा भाग, अक्षरशः वीट. त्याला कारण आहे. छोट्या काडतुसाच्या पिस्तुलात नळी जागेवर पक्की असते आणि धक्का नुसता स्लाइडच्या वजनावर नि स्प्रिंगवर पेलतात. .४५ ची गोळी पंधरा ग्रॅमची. तिचा धक्का त्याच सोप्या पद्धतीनं पेलायचा तर स्लाइड जड करण्यावाचून इलाज नाही. म्हणून रिकाम्या पिस्तुलाचंच वजन किलोच्या घरात जातं. स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. किंमत खाली येते ती तिथं. साफ करायला उघडायचं म्हणजे पंच लावून पिन ठोकून काढायची. कोतातल्या माणसाला हे रुचणार नाही. ज्याला उघडायला हातोडी लागते ते हत्यार लोक उघडतच नाहीत, हा माझा अनुभव.

दुसरा एक पंजाबी, स्वतःचे दोन ट्रक असलेला. त्याच्याकडं रॉक आयलंड कंपनीचं '१९११' नावाचं पिस्तूल. जॉन ब्राउनिंग या बंदूककाराचा आराखडा, अमेरिकन फौजेनं १९११ साली घेतला आणि १९८५ पर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल. यात गोळी सुटताना नळी स्लाइडमध्ये अडकलेली असते, दोघी मिळून जरा मागं सरकतात, मग नळी खाली झुकून सुटते. म्हणून स्लाइड सडपातळ राहते. आता गंमत बघा. फिलिपिन्समध्ये मोरो लोकांशी लढताना .३८ चं रिव्हॉल्वर कमी पडतंय म्हणून अमेरिकन फौजेनं .४५ चा हट्ट धरला. आणि आज त्याच १९११ ची परवडणारी आवृत्ती फिलिपिन्समधल्या मारिकिनाच्या कारखान्यातून अमेरिकेत येते! सरदारजीचं मत एका वाक्याचं: "मामाजी को बोलो, लोहा है, पूरा लोहा."

तिसरी भाच्याच्या ऑफिसातली बाई. तिनं .४५ घेतलं होतं आणि विकलं. आता ९ मिमी वापरते, जरा बारीक गोळीचं.

मी तिघांबद्दल एकच विचारलं. किती राउंड झाले?

भाच्याला काही कळेना. म्हटलं, अरे, कोतात हत्याराचं मत कुणी विचारत नाही. त्यातून किती राउंड गेले, म्हणजे किती गोळ्या सुटल्या, कधी अडकलं, काय बदललं, हे बघतात. पैसे मोजून आणलेल्या वस्तूला मालक वाईट म्हणणार नाही, मग ती म्हैस असो की मोटरसायकल. त्याला राउंड विचारायचे.

दोन दिवसांनी उत्तर आलं. शेजारी: सहा वर्षांत एक डबी, पन्नास. तीही पुरती संपलेली नाही. सरदारजी: दोनशे-अडीचशे. बाई: दीड हजाराच्या वर.

म्हणजे तिघांत खरं बोलू शकेल अशी एकच, आणि तिनंच विकलं होतं. पिस्तुलात खोट नव्हती. .४५ चं काडतूस ९ मिमीच्या दीडपट-दुप्पट महाग, महिन्याला शंभर उडवायचे म्हटलं की वर्षभरात हाय-पॉइंटच्या किमतीचा दोन-अडीच वेळा धूर. शिवाय मॅगझिनमध्ये कमी मावतात. १९११ मध्ये सात. फौजेत मी हाताळलं ते बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं ९ मिमी, १-ए, त्यात तेरा. ती म्हणाली, पैसे वाचवायला सराव कमी करत गेले आणि मग नेम गेला. हे वाक्य मला त्या दोघांच्या कौतुकापेक्षा जड वाटलं.

आपल्याकडं हा प्रश्नच नाही. ९ मिमी नागरिकाला मिळत नाही, ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेल्या जाडीचं. ज्याला पिस्तूल हवं तो .३२ वर येऊन थांबतो, आणि तिथं 'परवडणारं' हा शब्दच नाही. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं निर्भीक काढलं, अर्ध्या किलोचं .३२ रिव्हॉल्वर, तेव्हाच किंमत सव्वा लाखाच्या जवळ. परवाना वेगळा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं. परवान्याची मुदत मात्र तीनाची पाच वर्षं झाली, तेवढं बरं झालं. आणि निवडणूक लागली की जमा करा. २०२३ च्या मेमध्ये विधानसभा, २०२४ च्या मेमध्ये लोकसभा, दोन्ही वेळा माझी दुनळी ठाण्यात जाऊन आली. पोचपावती कन्नडात, नंबर बरोबर लिहिलाय का एवढं मी बघतो, बाकी शेजारचा मास्तर वाचून सांगतो.

आमच्याकडच्या एका कंत्राटदाराचं .३२ मी बघितलंय. जांबोटीच्या बाजूला त्याची काजूची बाग. लग्नाला गेला की शर्ट मुद्दाम आखूड घालतो. एकदा श्रावणात म्हणाला, "हवालदार, जरा बघा की, स्लाइड मागं येईना झालीया." काडतुसं कातड्याच्या पट्ट्यात खोचून कपाटात ठेवलेली, दोन पावसाळे. त्या भागातला पाऊस माहीत आहे ना, भिंतीवर शेवाळ उगवतं. पितळेला कातड्याच्या जागी हिरवी, मेणचट कीट धरलेली, नखानं खरवडली तर नखात राहिली. तसलंच एक चेंबरमध्ये अर्धं जाऊन रुतून बसलं होतं. नळी सुरक्षित दिशेला धरून हळूहळू काढलं, हाताला घाम. काढल्यावर विचारलं, किती राउंड झाले? म्हणाला, "आवो, उडवायला कुठं घेतलंय?"

तर भाच्याला सांगितलं ते असं. आधी नेमबाजीच्या रेंजवर भाड्यानं .४५ घे आणि दोनशे राउंड काढ, एका दिवशी नको, चार शनिवारी मिळून. पन्नासाव्या राउंडला मनगट काय म्हणतं ते बघ. घरात नऊ वर्षांची पोरगी आहे, तेव्हा पिस्तुलाआधी पोलादी पेटी, आणि पेटीत कंजूषपणा नको. एवढं करूनही .४५ च पाहिजे असेल तर १९११ घे, उघडून साफ करता येतं. दोनशे डॉलरचं घेऊन उरलेले पैसे काडतुसांना लावणार असशील तर तेही चालेल, पण लावणार नाहीस, मला तू माहीत आहेस.

तीन शनिवार झाले. काल फोन आला, दीडशे राउंड झालेत, तळहातावर फोड आलाय, आणि आता तो ९ मिमीचं बोलूलालाय. ठरलेलं काही नाही.

ठेवता ठेवता म्हणाला, "मामा, तुमच्या दुनळीचे किती झाले ते सांगा की."

मी आठवलं. दोन घेतल्या वर्षी, चाचणीचे. दोन भातात डुकरं शिरली तेव्हा, हवेत. बँकेच्या दारात चौदा वर्षांत एकही नाही.

"चार," म्हटलं.

पलीकडं जरा वेळ काहीच आवाज नाही. मग हसायला लागला. "म्हणजे तुम्ही पण आमच्या शेजाऱ्यासारखेच की!"

म्हटलं, म्हशी ओरडूलाल्यात, ठेवतो.