चुकीच्या टोकाकडून आयर्लंड

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सायकलने फिरायचं तर दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं. वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून, थेट अटलांटिकवरून येतो, त्यामुळे तो पाठीशी राहतो. हे मला इथल्या कुणाही सायकलवाल्याने एका वाक्यात सांगितलं असतं. डब्लिनमध्ये नऊ वर्षं काढूनही मी विचारलं नाही, आणि आम्ही नेमके उलटे निघालो.

त्याला कारण रेल्वे. गाडीत सायकलींसाठी मोजक्याच जागा असतात आणि त्या आधी राखून ठेवाव्या लागतात. जूनमधल्या त्या शनिवारी दक्षिण टोकाच्या गॉलवेच्या गाडीत दोन जागा नव्हत्या, उत्तर टोकाच्या वेस्टपोर्टच्या गाडीत होत्या. म्हटलं, टोक कुठलंही असो, रस्ता तोच आहे.

सोबत होता माझा आतेभाऊ, खास साताऱ्याहून आलेला. (त्याच्या व्हिसाचं रामायण सांगत बसत नाही. एवढंच की शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो. तो हे तिकीट काढल्यावर वाचतो.) यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं आणि नाश्त्याला घरी परत यायचं, हा त्याचा रविवारचा नेम. नकाशा बघून तो हसलाच. "दादा, यांचा सगळ्यात उंच डोंगर हजार-चाळीस मीटर! आपलं कास पठार त्याच्या वर आहे. इथे घाट आहेत कुठे? रोजचे शंभर किलोमीटर धरू." मी घासाघीस करून ऐंशीवर आणलं. शेवटचा दिवस सोडला तर साठ ओलांडायला एकदाही जमलं नाही.

सुरुवात मात्र लाडाची झाली. वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल बेट हा 42 किलोमीटरचा ग्रीनवे जुन्या रेल्वेमार्गावर केलेला आहे. रेल्वेचा म्हणून चढ बेताचे, मोटारी नाहीत, अधूनमधून फाटकं आणि पलीकडे क्लू बे या उपसागरातली हिरवी टेकाडांसारखी बेटं. ही लाइन 1937 मध्ये बंद पडली. तिची एक गोष्ट तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. अ‍ॅकिलची माणसं हंगामात स्कॉटलंडला बटाटे काढायला जात, आपल्याकडच्या ऊसतोड टोळ्या जातात तशी. 1894 मध्ये अशाच मजुरांची होडी क्लू बेत उलटली आणि या मार्गावर आलेल्या पहिल्या गाडीतून त्यांचे मृतदेह घरी आले. 1937 मध्ये स्कॉटलंडमधल्या किर्किंटिलॉक गावात मजुरांच्या झोपायच्या जागेला आग लागून अ‍ॅकिलची दहा पोरं गेली. त्यांना घेऊन आलेली गाडी या लाइनवरच्या शेवटच्या गाड्यांपैकी. हे ऐकल्यावर भाऊ बराच वेळ गप्प चालवत होता. त्याच्या गावात दर दिवाळीनंतर बीडच्या टोळ्या उतरतात.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅकिलच्या टोकाला, कीमच्या पुळणीवर गेलो. कड्याच्या अंगाने रस्ता वर चढतो आणि मग एकदम खाली समुद्रात शिरल्यासारखा उतरतो. मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या, अंगावर मालकाच्या रंगाचे निळे-तांबडे पट्टे. घंटी वाजवली तर बघतात, उठत नाहीत. त्या उतारावर माझे ब्रेक दाबूनही सायकल थांबेना. कशीबशी गवतात घातली. बघतो तर ब्रेकची रबरं संपलेली. दोनच दिवसांत! ओल्या रस्त्यावरची बारीक वाळू रिमला चिकटते आणि प्रत्येक दाबाला रबर किसणीवर घासल्यासारखं जातं. रिमवर करडा लगदा जमला होता, बोट फिरवलं तर पाट्यावरच्या वाटणासारखा खरखरीत. भावाचं पुढचं रबर तर धातूपर्यंत गेलं होतं. डिस्क ब्रेकच्या सायकली भाड्याने मिळत होत्या, पण मी दिवसाला थोडे युरो वाचवले होते. नवी रबरं वेस्टपोर्टला परतल्यावर मिळाली. तोवर प्रत्येक मोठा उतार पायी उतरलो.

पावसाबद्दल सगळे विचारतात. मी चिपळूणचा. आमच्याकडे चार महिन्यांत पडतो त्याच्या निम्मासुद्धा पाऊस या किनाऱ्यालगत वर्षभरात पडत नाही. पण आपला पाऊस पडतो आणि मोकळा होतो. हा नुसती भुरभुर करत राहतो, आडवा, खालून, बाहीतून. लोक त्याला पाऊस म्हणतच नाहीत, "सॉफ्ट डे" म्हणतात. भारी जॅकेटपेक्षा कामाला आल्या त्या पावाच्या रिकाम्या पिशव्या. मोज्यांवर चढवायच्या आणि वर बूट. पाय कोरडे असले की माणूस बाकी सगळं सोसतो.

वेस्टपोर्टला मुक्काम एका घरगुती बी अँड बीमध्ये होता. घरच्या आजींनी सकाळी ताट भरून दिलं. अंडी, सॉसेज, बेकनचे काप, टोमॅटो, सोडा ब्रेड आणि दोन काळ्या चकत्या. "दादा, हे काळं काय?" मी म्हटलं, ब्लॅक पुडिंग, डुकराचं रक्त आणि धान्य. मला वाटलं, तो ताट सरकवेल. "म्हणजे आपली रक्तीच की!" म्हणून त्याने माझ्याही चकत्या उचलल्या. निघताना आजी दारात उभ्या राहून आकाशाकडे बघत म्हणाल्या, "यू विल बी ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. ग्रँड म्हणजे मराल असं वाटत नाही.

आणि तिथून आमच्या उलट दिशेची वसुली सुरू झाली. आधी पश्चिमेला लुईसबर्ग, मग दक्षिणेला डूलॉखच्या खोऱ्यातून लीनान. 53 किलोमीटर. नकाशावर बघितलं तर अर्ध्या दिवसाचं काम. डावीकडे क्रोक पॅट्रिकचा 764 मीटरचा सुळका. जुलैच्या शेवटच्या रविवारी तिथे हजारो लोक चढतात, काहीजण अनवाणी. त्याच्या पायथ्याशी दुष्काळाचं राष्ट्रीय स्मारक आहे, काशाचं एक जहाज, दोरखंडांच्या जागी सांगाडे. फोटो काढला आणि पुढे निघालो. तेव्हा त्याचा पुढच्या रस्त्याशी काही संबंध असेल असं डोक्यात नव्हतं.

लुईसबर्ग सोडल्यावर आम्हाला लीनानपर्यंत एकही दुकान लागलं नाही. झाड नाही, आडोसा नाही, दोन्ही बाजूंना तपकिरी दलदल, कुठे कुठे जळणासाठी कापून वाळत घातलेल्या मातीच्या विटा. आणि समोरून वारा. घाटात निदान माथा दिसतो, आता इतकंच राहिलं म्हणता येतं. वाऱ्याला माथा नसतो. सपाट रस्त्यावर सगळ्यात हलक्या गिअरवर ताशी आठच्या वेगाने आम्ही रांगत होतो. आळीपाळीने एकाने पुढे राहायचं, दुसऱ्याने त्याच्या चाकामागे दबायचं, पाच मिनिटांनी बदली. कासचा पैलवान शेवटी उतरून सायकल ढकलायला लागला. मी काही बोललो नाही, कारण मी आधीच उतरलो होतो.

डूलॉखच्या तळ्याच्या अलीकडे रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रूस आहे. वाऱ्यापासून आडोसा मिळेल म्हणून त्याच्यामागे बसलो आणि मग वाचलं. 1845 ते 1852 च्या बटाट्याच्या दुष्काळात या देशात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. मार्च 1849 च्या अखेरीस, मदतीवर जगणाऱ्या शेकडो लोकांना लुईसबर्गमध्ये तपासणीसाठी बोलावलं होतं. तपासणारे साहेब तिथून निघून वीसेक किलोमीटरवर डेल्फीच्या बंगल्यात गेलेले. निरोप असा की सकाळी तिकडे हजर व्हा, नाहीतर मदत बंद. उपाशी माणसं, बायका-पोरांसह, थंडीवाऱ्यात याच रस्त्याने चालत गेली. तिथे हाती काही पडलं नाही. येता-जाता किती मेले, यावर आजही एकमत नाही. दगडावर महात्मा गांधींचं एक वचन कोरलेलं आहे, दुसऱ्याची मानहानी करून कुणाला सन्मान कसा वाटू शकतो, अशा अर्थाचं.

आम्ही तोच रस्ता, त्याच दिशेने, पोटात दोन माणसांचा नाश्ता घेऊन आणि चाकांवर बसून आलो होतो, आणि कुरकुरत होतो. भावाने खिशातलं चॉकलेट काढलं होतं, ते परत ठेवलं. नंतर डेल्फीपर्यंत दोघांनीही वाऱ्याचं नाव काढलं नाही.

लीनानला पोचायला नऊ तास लागले. शेवटचा टप्पा किलरीच्या खाडीकाठाने. पाण्यात काळ्या पिंपांच्या रांगा तरंगत होत्या, त्यांना दोर बांधून शिनाणे, म्हणजे खायचे शिंपले, वाढवतात. रात्री दहाला सूर्य मावळत होता, त्यामुळे उशीर झाला तरी अंधार पडला नाही. जूनमध्ये यायचा हा मोठा फायदा. तोटा म्हणजे चिलटं. वारा थांबला रे थांबला की हजारोंनी अंगावर येतात, तेव्हा तोच वारा हवासा वाटतो.

पुढच्या दिवशी क्लिफ्डन, पुन्हा वाऱ्याच्या तोंडाला, पण आता सरावाने. वाटेत समोरून येणारे शेतकरी स्टिअरिंगवरून एकच बोट उचलून सलाम करत. भाऊ सुरुवातीला अख्खा हात हलवायचा, एकदा त्यात पडता पडता वाचला. क्लिफ्डनपर्यंत त्याचंही बोटावर आलं होतं.

सहाव्या दिवशी क्लिफ्डनहून पूर्वेला वळलो आणि कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं झालं. पेडल मारायचीच गरज नाही! तासाभरात वाट वाकडी करून बॅलिनाहिंचच्या किल्ल्याशी गेलो. रणजी करंडकातले रणजितसिंहजी, नवानगरचे जामसाहेब, यांनी 1920 च्या दशकात तो विकत घेतला होता. सामन माशांच्या गळासाठी उन्हाळ्यात इथे येऊन राहायचे. आता तिथे हॉटेल आहे. आमचे बूट बघून आत जायचं धाडस झालं नाही.

गॉलवेपर्यंत साधारण ऐंशी किलोमीटर झाले. शेवटचा ऊटरार्डनंतरचा रस्ता मात्र कुणालाही सुचवणार नाही. मोटारींची रांग, बाजूला पट्टी नाही, अंगावरून आरसे जातात. गॉलवेच्या स्टेशनवर भावाने खिसा रिकामा केला तेव्हा ओलं तिकीट, चॉकलेटचा कागद आणि कीमच्या उतारावर झिजलेलं ते ब्रेकचं रबर निघालं. ते त्याने टाकलं नाही. साताऱ्याला त्याच्या सायकल ग्रुपमध्ये कुणी विचारलं, "काय रे, तिकडे घाट किती?" की तो ते काढून दाखवतो.