क्रॉकेटचा पंचनामा

बाबांची उभी हयात कोर्टात साक्षी उतरवून घेण्यात गेली. त्यांना घेऊन ऑस्टिनहून सॅन अँटोनियोला अलामो, म्हणजे 1836 च्या लढाईची ती जुनी गढी, बघायला निघालो, तेही लेकाच्या हट्टापायी. त्याला डेव्ही क्रॉकेटसारखी शेपटीवाली कातड्याची टोपी हवी होती.

क्रॉकेट टेनेसीचा शिकारी आणि खासदार. 1835 ची निवडणूक हरला नि टेक्सासला आला. 6 मार्च 1836 च्या पहाटे, तेरा दिवसांच्या वेढ्यानंतर, सेनापती सांता आनाच्या मेक्सिकन फौजेनं टेक्सासच्या बंडखोरांकडून अलामो घेतलं, त्यात तो गेला. कसा गेला म्हणाल, तर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. चित्रांत तो बंदुकीचा सोटा करून लढताना दिसतो.

"साक्षीदार कोण?" बाबांनी गाडीतच विचारलं.

सुझाना डिकिन्सन, आतल्या एका तोफखानावाल्याची बायको. तिनं क्रॉकेटचं प्रेत पाहिलं ते अलामोतलंच चर्च आणि दुमजली बराकीच्या मधे, शेजारी टोपी. गावचा अल्काल्दे, म्हणजे आपला नगराध्यक्ष, फ्रान्सिस्को रुईस. ओळख पटवायला त्याला नेलं, त्याला प्रेत पश्चिमेकडे सापडलं.

"दोन साक्षीदार, दोन जागा!" बाबांची कळी खुलली.

तिसरा अडचणीचा. दे ला पेन्या हा सांता आनाचाच अधिकारी. तो लिहितो, सातेक जण जिवंत सापडले, त्यांत क्रॉकेट. जनरल कास्त्रियॉननं रदबदली केली, सांता आनानं झिडकारली, आणि त्यांना तिथंच तलवारींनी कापलं. हे मेक्सिकोत छापलं गेलं 1955 ला, इंग्रजीत आलं 1975 ला. क्रॉकेट लढता लढता नाही, पकडला जाऊन मेला म्हटल्यावर इंग्रजी करणाऱ्या कार्मेन पेरींना लोकांनी चिडून पत्रं धाडली. दे ला पेन्याचे मूळ कागदच बनावट, असाही आरोप झाला. 1998 ला लिलावात त्यांचे साडेतीन लाख डॉलर आले. आता ते आमच्या ऑस्टिनच्या विद्यापीठात आहेत, आणि तपासणीत कागद त्या काळचाच निघाला.

"कागद जुना म्हणून साक्ष खरी होत नाही. क्रॉकेट हाच, हे त्याला कोणी सांगितलं?" मग जरा थांबून, "पण अगं, त्या दोघांनी प्रेत पाहिलं, मरताना कुठं पाहिलं? मग तिसऱ्याशी त्यांचं भांडण कसलं?"

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. कापलेल्या त्या सातांनी मरताना गयावया केली नाही, हेही तोच शत्रूकडचा दे ला पेन्या लिहून ठेवतो. यात क्रॉकेटची अब्रू कुठं गेली?

प्रेतं सांता आनानं जाळली. सॅन फर्नांडो चर्चच्या दाराशी संगमरवरी पेटी आहे, तीत 1936 ला सापडलेले अवशेष, वर क्रॉकेटचंही नाव. बाबांनी चष्मा चढवून पाटी दोनदा वाचली.

"राखेची ओळख कोणी पटवली गं?"