गुंत्यातली कुस्ती: मे ते डिसेंबरची वही

मे महिन्याच्या पानावर शेवटी एकच ओळ आहे. एकेरी पट, म्हणजे समोरच्यानं माझा एक पाय धरणं, लागला २३ वेळा, गुण गेले १९ वेळा. उरलेले चार पट सुटले तेही माझ्या डावानं नाही, घामानं समोरच्याची पकड निसटली म्हणून. ती ओळ लिहिली त्या रात्री ठरवलं की पावसाळाभर दुसरं काही शिकायचं नाही. पाय पकडला गेल्यावर पुढं काय, एवढंच.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. वय ३६, वजन ७४, लातूरला आडत दुकानात हिशेब बघतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी तालमीत. आमच्या तालमीत निम्म्या जागेत हौदा, म्हणजे मातीचा आखाडा, निम्म्यात मॅट. इकडची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, तिच्यावर कुस्ती होत नाही. हौद्यातली लाल माती बाहेरून ट्रकनं आणलेली आहे आणि ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर घालून मुरवलेली आहे. त्या वासाशिवाय मला घाम येतो असं वाटतच नाही.

वस्तादांना वही दाखवली. त्यांनी आकडे पाहिलेच नाहीत. म्हणाले, "पाय सापडला की तू थांबलालास. कुस्ती तिथं सुरू होती, अन् तू तिथं संपवलालास."

हे वाक्य मी सहा महिने चघळतोय.

आपल्याकडं प्रत्येक डावाला नाव आहे. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, लपेट. नाव आहे म्हणून तो शिकवता येतो, त्याची तोड शिकवता येते, तोडीची तोडही. पण एकाचा डाव अर्धा बसलेला, दुसऱ्याची तोड अर्धी झालेली, दोघंही तोल गेलेले, पाय कुणाचा अन् हात कुणाचा कळेना, अशा त्या चार-पाच सेकंदांना नाव नाही. इंग्रजीत त्याला स्क्रॅम्बल म्हणतात. आमच्या तालमीत 'गुंता' म्हणतात आणि बहुतेक जुनी माणसं त्याकडं नशिबाचा भाग म्हणून बघतात. पोरगं गुंत्यातून वेड्यावाकड्या अंगानं निसटून मागं गेलं की "आडदांड आहे" म्हणून सोडून देतात. मला हे मुळीच पटत नाही. जे पोरगं दहातल्या आठ वेळा गुंत्यातून वर निघतं, त्याला काहीतरी येतंय. ते काय येतंय, हे शोधायला हवं.

जूनमध्ये सुरुवात अर्ध्यातून केली. सलामी नाही, खडाखडी नाही. जोडीदारानं आधीच माझा उजवा पाय पकडलेला, डोकं आतल्या बाजूला, गुडघे मॅटवर. वस्तादांनी टाळी वाजवली की ३० सेकंद. ताबा ज्याचा, म्हणजे समोरच्याला खाली घेऊन जो मागं गेला, फेरी त्याची. अट एकच, तीन सेकंदांपेक्षा जास्त कुणी स्थिर राहायचं नाही. अशा दहा फेऱ्या, मग बाजू बदलून दहा. माझा जोडीदार १९ वर्षांचा, ६५ किलोचा, पाऱ्यासारखा. पहिल्या आठवड्यात त्यानं मला जवळजवळ प्रत्येक वेळी खाली घेतलं. चौथ्या दिवशी तोच म्हणाला, "काका, तुमी पाय सोडवायला बघता. पायाचं सोडा, माझं डोकं कुठंय ते बघा."

ते खरं निघालं. पाय त्याच्याकडं आहे, तो ओढून घेण्याच्या झोंबाझोंबीत माझी सगळी ताकद जात होती आणि कंबर आपोआप त्याच्या खांद्यावर टेकत होती. कंबर टेकली की कुस्ती गेली. आता पहिलं काम ते. हातानं त्याचं डोकं खाली आणि बाहेर, कंबर त्याच्यापासून लांब, पाय त्याच्याकडं राहिला तरी चालेल.

जुलैअखेर गमछा डोळ्यांवर बांधून त्याच फेऱ्या केल्या. हे करून बघाच. डोळे बंद झाल्यावर छातीला कळतं की समोरच्याचा भार कुठल्या गुडघ्यावर आहे, आणि गुंत्यात तेवढंच कळायला हवं असतं. भार असलेला गुडघा हलू शकत नाही. त्याच बाजूनं फिरायचं.

ऑगस्टमध्ये मी मल्लखांबाकडं गेलो, आणि या वहीतली सगळ्यात आनंदाची पानं तीच आहेत. सकाळी सहाला शाळकरी मुलं असतात, त्यांच्यात मी एकटा मिशीवाला. कारण साधं होतं. गुंत्यात डोकं खाली, पाय वर झाले की मला दिशाच कळत नव्हती. मल्लखांब म्हणजे कुस्तीगिरासाठीच उभा केलेला खांब. पेशवे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला रूप दिलं. सांगतात की निजामाकडचे अली आणि गुलाब असे दोन बलाढ्य मल्ल पुण्याला आले, आव्हान घ्यायला कुणी पुढं होईना, तेव्हा बाळंभटांनी मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगी डोंगरावर जाऊन तयारी केली. तिथं माकडांच्या पकडी बघून त्यांना खांबाची कल्पना सुचली, अशी ही कथा. आम्ही मराठवाड्यातली माणसं १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होतो, त्यामुळं ही गोष्ट लहानपणी ऐकताना कुणाच्या बाजूनं ऐकावी हे मला कळत नसे. आज मला त्यात वेगळंच दिसतं. ताकदीनं भारी असलेल्या माणसापुढं या माणसानं आणखी जोर-बैठका मारल्या नाहीत, अंग वळवण्याची नवी रीत शोधली. तालमीत आज ज्याला वेडेवाकडे चाळे म्हणतात, तेच आपल्या परंपरेच्या पोटात आहे.

खांबाला एरंडेल लावलेलं असतं. हात भरवशाचे राहत नाहीत, मांड्यांनी पकडावं लागतं. अढी मारून उलटं लटकायला मला तीन आठवडे लागले. पण त्या तीन आठवड्यांनी मॅटवर एक गोष्ट बदलली. उलटा झालो तरी घाबरून हात टेकायचं थांबलं. हात मोकळा राहिला, आणि मोकळ्या हाताला समोरच्याचा घोटा सापडू लागला.

घोट्याचं सविस्तर लिहितो, कारण विचारणारे बरेच आहेत. त्यानं पाय धरलाय, डोकं आत आहे. मी त्याच्या पाठीवरून वाकतो आणि त्याचा मागचा घोटा धरतो. पकडलेला पाय मागं ओढत नाही, उलट त्याच्याच मांड्यांमधून पुढं सारतो. इथं मन मानत नाही, कारण आपण शत्रूला आणखी पाय देतोय असं वाटतं. पण आता त्याला पुढं यायचं तर घोटा सोडवायला हवा आणि घोटा सोडवायचा तर एक हात काढायला हवा. हात निघाला त्या क्षणी मी फिरून मागं. त्याचा ताबा बसण्याआधी मागं गेलो तर मला २ गुण. त्याचा ताबा होऊन गेल्यावर उलटवलं तर फक्त १, आणि त्याचे २ गेलेलेच. म्हणून उशीर महागात पडतो. अर्धा सेकंद आधी घोटा धरणं म्हणजे तीन गुणांचा फरक.

सप्टेंबरमध्ये एक मोठी चूक कळली. मी अमेरिकन कॉलेज कुस्तीचे व्हिडिओ बघून लोळण शिकत होतो, विशेषतः बेन ॲस्क्रेनचे. हा मिझुरी विद्यापीठाचा मल्ल म्हणजे गुंत्याचा राजा. पाय देऊन टाकायचा आणि मग खांद्यावरून गोल लोळत समोरच्यालाच खाली घ्यायचा. २००६ आणि २००७ अशी दोन वर्षं तो तिथला कॉलेज विजेता होता. पण २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दुसऱ्याच लढतीत क्युबाच्या इव्हान फुंदोराकडून हरला. हार एकाच कारणानं होत नाही, पण नियमांचा फरक समजून घ्यायलाच हवा. कॉलेज कुस्तीत लोळताना पाठ क्षणभर चटईकडं गेली तर काही बिघडत नाही, तिथं पाठ धरून ठेवावी लागते. आम्ही मॅटवर खेळतो त्या ऑलिंपिकच्या फ्रीस्टाईलमध्ये पाठ चटईकडं ९० अंशांपेक्षा कमी कोनात झुकली की समोरच्याला तिथल्या तिथं २ गुण. मी सुंदर लोळत होतो आणि प्रत्येक लोळणीला गुण वाटत होतो. वस्तादांनी शिट्टी वाजवून बोटं दाखवली तेव्हा कुठं कळलं.

मग लोळण बदलली. खांद्यांवरून नाही, कुशीवरून, तोंड मॅटकडं ठेवून. दिसायला कमी देखणी, पण पाठ कुणाला दिसत नाही. मातीवर हिशेब आणखी वेगळा. जत्रेत गुण नाहीत, निकाल पाठ टेकण्यावर, त्यामुळं क्षणभर तिरपं झाल्याची शिक्षा नाही. पण पूर्ण टेकलात तर सगळंच संपलं.

मातीचाच दुसरा फरक मला गुडघ्यानं शिकवला. मॅटवर घामानं पाय सरकतो, मातीत बोटं रुततात. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी हौद्यात फिरलो, अंग गेलं, पंजा जागेवर राहिला. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला. तीन आठवडे विश्रांती. मातीवर गुंता करणाऱ्यांनी फिरण्याआधी टाच उचलायची सवय लावून घ्या, कळकळीनं सांगतो.

ऑक्टोबर सोयाबीनचा. बाजारात रात्री दहापर्यंत माप चालतं. गुडघा आणि आवक, दोन्हीमुळं पान जवळजवळ कोरं. फक्त मानेचा व्यायाम आणि जुन्या लढती बघणं. राहुल आवारेची २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेतली अंतिम लढत चार वेळा पाहिली. आपल्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा मल्ल, ५७ किलो, कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीविरुद्ध १५-७. लोकांना १५ दिसतात, मी त्या ७ कडं बघत होतो. सात गुण गेले तरी हा माणूस एकदाही विचार करायला थांबलेला दिसत नाही. गुण गेला की त्याच हालचालीतून पुढची पकड. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णविजेते, हे त्याचे सुरुवातीचे गुरू. त्या काळच्या मातीतल्या वस्तादाच्या शिष्यानं मॅटवर असं खेळावं, यातच आडदांडपणाच्या आरोपाला उत्तर आहे.

नोव्हेंबरमध्ये परत आलो तेव्हा जोडीदारानं माझ्या घोट्याच्या पकडीची तोड काढून ठेवली होती. मी वाकलो की तो पाय मागं लांब टाकून सपाट होतो. दोन आठवडे मी परत हरत राहिलो. मग लक्षात आलं, तो सपाट झाला म्हणजे त्याच्या पकडीला वर उचलण्याची ताकद उरली नाही. आता तो सपाट झाला की मी घोटा सोडतो आणि सरळ त्याच्या डोक्यावरून पलीकडं जातो. हे कुणी शिकवलं नाही. एका मंगळवारी अंगानं आपणहून केलं, मी नंतर वहीत लिहिलं.

डिसेंबरात माळेगावच्या यात्रेत कुस्त्या बघायला गेलो. घोड्यांच्या बाजारातून वाट काढत फडावर पोचलो तेव्हा नांदेडकडचं एक काटकुळं पोर त्याच्यापेक्षा खांदाभर मोठ्या मल्लाशी लढत होतं. दोनदा पट लागला, दोनदा ते त्याच्या पाठीवरून पलीकडं उतरलं. तिसऱ्यांदा त्या मोठ्या मल्लानं पट काढायचाच टाळला. माझ्या शेजारचे फेटेवाले आजोबा म्हणाले, "भ्याला बघा तो." पोरानं डाव मारला नव्हता, फक्त समोरच्याचा सगळ्यात भरवशाचा डाव त्याच्याच मनातून काढून घेतला होता. पुढं कुस्ती बरोबरीत सोडवली.

डिसेंबरच्या पानावरचा आकडा: पट लागला २६ वेळा, गुण गेले ११ वेळा, मला गुण मिळाले ७ वेळा, उरलेल्या आठ वेळा दोघंही उभे राहिलो. हे सगळं उजव्या पायावर. डावा पाय धरला गेला की मी अजून मे महिन्यातच आहे, घोट्यापर्यंत हात पोचतो पण बोटं उशिरा मिटतात. ज्यांना डाव्या बाजूनं जमतं त्यांनी सांगा, घोटा धरताना अंगठा बाकीच्या बोटांसोबत ठेवता की उलट्या बाजूनं वळवता? शनिवारी दोन्ही करून बघणार आहे.