कोॲक्सियल, ऑप्टिकल आणि कापलेली अर्थ

भुसावळच्या त्या घरी सबवूफरमधून सतत बारीक घुं यायचा. सेट-टॉप बॉक्स ते रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) कोॲक्सियल वायर होती: मधे तांब्याची तार, भोवती धातूची जाळी, आतून डिजिटल आवाज. दुकानदाराने वायरच खराब म्हणून आणखी महागाची, सोनेरी पिनांची वायर गळ्यात मारली. घुं तसाच. मला बोलावलं ते मात्र वेगळ्याच कारणाने: ती वायर काढून रिसीव्हर पुसताना वहिनींच्या हाताला झिणझिण्या आल्या होत्या.

"भाऊ, डिजिटल वायरमधून घुं येतोच कसा?" काकांचा प्रश्न रास्त होता. डिजिटल सिग्नल बिघडला तर आवाज तुटतो, टकटक होते किंवा बंदच पडतो. घुं त्यात नसतो. पण कोॲक्सियलची बाहेरची जाळी दोन्ही यंत्रांच्या बॉड्या एकमेकींना जोडते. बॉक्सला डिशची केबल, डिश गच्चीच्या लोखंडी रेलिंगला. रिसीव्हर घराच्या अर्थिंगवर. दोन्हीकडची पातळी वेगळी असली की जाळीतून 50 हर्ट्झचा करंट फिरतो आणि ॲम्प्लिफायरच्या ॲनालॉग भागात घुसतो.

बॉक्समागची डिशची केबल सोडवली. घुं गेला, म्हणजे लूप, करंट फिरायची ती वाट, नक्की. मग कोॲक्सियलही काढून डिशच्या केबलची जाळी आणि रिसीव्हरची बॉडी यांत मल्टिमीटर धरला: 90 व्होल्टच्या आसपास एसी. अर्थ असताना हे दिसायला नको. रिसीव्हरचा प्लग उघडला तर अर्थची हिरवी वायर आतून कापलेली! घुं कमी करायला कुणीतरी केलेला हा उद्योग. असं करणाऱ्याच्या हातात पक्कड देऊ नये. रिसीव्हरच्या वीज-फिल्टरमधल्या कपॅसिटरमधून बॉडीवर येणारी करंटची गळती अर्थमधून जमिनीत जायला हवी. इथे ती कोॲक्सियलच्या जाळीतून डिशकडे जात होती.

हिरवी वायर जोडण्याआधी वायरमनला बोलावलं. फेज आणि अर्थमध्ये 100 वॅटचा बल्ब लावला, तो नुसता लालसर झाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो. मीठ-कोळसा भरून पाणी मुरवल्यावर बल्ब लख्ख पेटला. प्लगमध्ये अर्थ जोडली. बॉडीवरचं व्होल्टेज गेलं, आणि घुं आधीपेक्षा वाढला, कारण आता लूप पुरता जुळला होता.

इथे ऑप्टिकल. 1983 मध्ये तोशिबाने आणलेली ही टॉसलिंक जोडणी साधारण 1 मिलिमीटरच्या प्लॅस्टिक तंतूतून लाल प्रकाश पाठवते. तांबं नाही, म्हणून लूप नाही. टोकांवरच्या पारदर्शक टोप्या काढायच्या, चौकोनी टोक सरळ धरून टक् होईपर्यंत दाबायचं, कपाटामागे काटकोनात मोडायचं नाही, लांबी शक्यतो 5 मीटरच्या आत ठेवायची. बॉक्सच्या सेटिंगमध्ये पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) ऐवजी डॉल्बी डिजिटल निवडलं, तेव्हा 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि सबवूफरचा वेगवेगळा आवाज, आला. घुं पूर्ण बंद.

आवाजाच्या दर्जात दोघींत फरक नाही. दोन्हींतून स्टिरिओ पीसीएम किंवा 5.1 डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस जातं. डॉल्बीचा वरच्या दर्जाचा ट्रूएचडी एकीतूनही जात नाही. डीव्हीडी प्लेअर आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर असले, घुं नसला, तर मी 75 ओहमची साधी कोॲक्सियलच सुचवतो. ती वाकते, ओढाताण सोसते.

अजून डोक्यात घोळतं ते एवढंच: दुकानदाराने पहिल्याच दिवशी ऑप्टिकल दिली असती, तर घुं तेव्हाच थांबला असता. प्लग कुणी उघडला नसता, आणि डिशकडे जाणारी ती वाटही तुटल्यामुळे रिसीव्हरची बॉडी चोवीस तास 90 व्होल्टवर राहिली असती.