बोंड हातात दिलं की सोलतात

लकव्यानंतर पेशंट गप्प झाला की "मनाला लावून घेतलंय" हे निदान घरचेच करून ठेवतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या घरभेटीतही तेच. साठीचे शेतकरी, डावी बाजू गेलेली. पाय बऱ्यापैकी उचलायचे, तरी दिवसभर बाजेवर. नैराश्याची गोळी सुरू होऊन दोन महिने होत आले होते, फरक शून्य.

"मॅडम, हे रडत नाही, चिडत नाही, नुसते बसून रायते," काकू म्हणाल्या. निम्मं निदान इथेच झालं.

पीएचक्यू-९ म्हणजे नैराश्य तपासायचे नऊ प्रश्न, ते विचारले. २७ पैकी ८ गुण. १० पासून पुढे नैराश्याचा संशय धरतात. पण बेरजेपेक्षा गुण कुठून आले ते पाहावं. रस नाही, थकवा, लक्ष लागत नाही, हालचाल मंद, एवढ्यातच सगळे. उदासी, स्वतःला दोष, मरणाचे विचार यांना शून्य. मरणाचं आडून विचारू नये, सरळ विचारावं. आणि फवारणीचं औषध कुलपात आहे ना, हेही.

ओसरीत अर्धवट उमललेली बोंडं सोलायला पडली होती. सूप त्यांच्यापुढे सरकवलं. हात हलला नाही. मग एक बोंड डाव्या हाताच्या अर्ध्या मुठीत अडकवून दिलं. उजव्या हाताने कापूस सफाईने ओढला, टरफल टाकलं आणि थांबले. दुसरं दिलं, पुन्हा तेच. काम येत होतं, सुरुवात होत नव्हती. ही ॲपथी, म्हणजे स्वतःहून सुरुवात करायची प्रेरणाच हरवणं. मेंदूच्या पुढच्या भागाला खोलवरच्या केंद्रांशी जोडणारे मार्ग दुखावले की असं होतं. याला आळशी म्हणून रागावणं फुकट.

नैराश्याच्या काही गोळ्यांनी ॲपथी वाढूही शकते. शिवाय उतारवयात या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, बीपीसाठी लघवीची गोळी असेल तर जास्तच. म्हणून सोडियम, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. गोळी कमी करायची तर तेच ठरवतील, हळूहळू; घरच्यांनी एकदम बंद करायची नाही.

काकूंना सांगितलं, "व्यायाम करता का?" विचारूच नका, उत्तर "नाही" येणार. "आधी चालता की आधी हात?" असं विचारा. पाच सेकंद थांबा. नाहीच उठले तर कोपराला हात लावून पहिली हालचाल तुम्ही सुरू करून द्या. बाजेऐवजी हातांची खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले. व्यायामाचे दहा-दहा मिनिटांचे चार तुकडे, घड्याळाला नाही, रोजच्या गोष्टींना बांधलेले: सकाळचा चहा, आंघोळ, दुपारचं जेवण, ढोरं परत येणं. घास भरवणं बंद.

बेत बहुतेक वेळा फसतो तो वेचणीत. बाई वावरात, घरी म्हातारा एकटा. म्हणून दुपारचा तुकडा शाळेतून येणाऱ्या नातवाकडे दिला, बोंडांच्या सुपासकट.

पुढच्या खेपेला काकू म्हणाल्या, "सांगितलं की करते, आपल्या मनानं नाही." एवढ्यावर आज समाधान. नऊ प्रश्न मात्र दर भेटीत पुन्हा, कारण ॲपथीच्या जोडीला नैराश्य नंतरही येऊ शकतं.